काळूला मलकापूरला सोडून येताना

दर रविवारी मी पांजरपोळात शेण काढायला जातो, असं ओळखीच्यांना सांगतो. खरं तर शेण गडी काढतात. मी भाकड गाईंच्या पाठीवरून हात फिरवतो आणि स्वतःवर खूश होऊन घरी येतो. काळू मात्र खरोखरच माझ्या वाट्याला आला. ट्रकखाली मागचा पाय गेलेलं कुत्रं. जखम रोज मीच धुतली. पण पांजरपोळ गुरांचं, तिथं त्याला कायमचा आसरा नव्हता. घरी विचारलं, तर पत्नी म्हणाली, "ते उंबऱ्याच्या आत आलं, तर मी बाहेर."

तेवढ्यात म्हातारी म्हैस सोडायला मलकापूरकडचे तुकाराम पाटील आले. "राखणीला द्या की आमास्नी," म्हणाले. स्थळ चालून आलं होतं. तरी मी मुलीच्या बापासारखा अडलो. घर बघूनच देणार म्हणालो.

एसटीच्या कंडक्टरनं काळूकडे बघून नुसती मान हलवली. शेवटी गूळ उतरवून परत निघालेला ट्रक मिळाला. ड्रायव्हर बाबूभाईंना भाडं विचारलं.

"कुत्र्याचं न्हाय घेत. तुमचं घेतो."

असं जनावर घेऊन निघणार असाल, तर ट्रकच बरा. बसायला रिकामी पोती मिळतात. फक्त निघताना त्याला दूधभाकरी देऊ नका. मी दिली होती. वाघबीळच्या वळणांवर ती माझ्या पँटवर परत आली. बांबवड्याला कांदाभजी उत्तम मिळाली. बाकावर ऐसपैस जागाही मिळाली, कारण शेजारी कोणी बसेना.

पाटलांच्या दारात काळू अंग चोरून उभा राहिला. मला दया आली. पिशवीतली उरलेली भाकरी मी त्याला भरवली. भाकरतुकडा घेऊन बाहेर आलेल्या पाटलीणबाई जागीच थांबल्या.

"काय केलासा हे, पावणं? नव्या जनावराला आमच्या दारात पयला घास घरच्या बाईनं घालायचा असतोय. आता ह्यो तुमच्याच मागनं येणार."

"मग बांधून ठेवा."

"किती दिस बांधू? सुटलं की रस्त्यावर पळंल. तीन पायांचं कुत्रं, पयल्या गाडीखाली जाईल."

महिनाभर जपलेलं कुत्रं एका भाकरीनं मारायला निघालो होतो.

"जेवायला बसा," बाई म्हणाल्या. "त्याच्याकडं बघायचं न्हाय, तुकडा टाकायचा न्हाय. जमंल व्हय?"

कोंबडीचा रस्सा आणि तांदळाची भाकरी होती. काळू माझ्या गुडघ्याला नाक लावून बसला. डोळ्यांत पाणी आलं, ते मी तिखटावर घातलं. आता लिहायला हरकत नाही, की मनातून मला गुदगुल्याही होत होत्या. हा काही मला सोडणार नाही, असं वाटत होतं. तेवढ्यात बाईंनी हाड पुढं केलं. काळू उठला, लंगडत गेला आणि त्यांच्या पायाशी बसून हाड फोडू लागला.

निघताना मी मुद्दाम चपला वाजवल्या. अंगणाच्या कडेला दोनदा खोकलो. त्यानं मान वर केली नाही.

"झ्याक झालं," पाटील म्हणाले.

झ्याकच झालं होतं. तरी परतीच्या एसटीत मी मागच्या काचेतून धूळ बघत राहिलो.

"कोण ऱ्हायलं काय मागं?" कंडक्टरनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

घरी पत्नीनं दार उघडलं आणि आधी माझ्या पायांमागं पाहिलं.

"राहिला?"

"राहिला. घर चांगलं आहे."

"बरं झालं."

उंबऱ्याबाहेर जुनी जर्मनची थाळी होती, तिच्यात दूधभाकरी कुस्करलेली. मी काही विचारायच्या आत तिनं ती उचलली.

"मांजरासाठी ठेवली होती," म्हणाली.

आमच्या गल्लीत मांजर मी आजवर पाहिलेलं नाही.