शटर उघडल्यावरची गोळी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधाचं दुकान आहे. दुकानदाराचं नाव मला अजून माहीत नाही. विचारायची लाज वाटते. बोलताना तो गिऱ्हाइकाकडं न बघता फळीवरच्या बाटल्यांकडं बघतो, म्हणून मला तिथं जायला बरं वाटतं.

सासूबाई बीपीची महागडी गोळी पुरवून पुरवून, एक दिवसाआड घ्यायच्या. एकदा त्या माझ्यासोबत दुकानात आल्या, तेव्हा दुकानदारानं स्वस्तातली पुढं केली. "मावशी, औषध तेच हाय. त्या भारीवालीत जाहिरातीचा अन् एजंटाच्या पेट्रोलचा खर्च बसतो."

"स्वस्तातल्यानं गुण येत नाय," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं स्वतःच्या खिशातून तसलंच पाकीट काढलं अन् एक गोळी बिनपाण्याची गिळली. "मलाबी बीपीच हाय."

आता सासूबाई रोज गोळी घेतात, पण सकाळी त्याचं शटर उघडलेलं बघितल्यावरच.