चावी माझ्या खिशात होती

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. मी मिस्त्री माणूस... जे पान्ह्याने खोलून पाहता येत नाही ते मला पटत नाही. माणसंही चटकन पटत नाहीत, स्वभावच तसा. म्हणून हे लिहिताना मला माझाच संशय येतोय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कारंज्याला माझं गॅरेज होतं. कापसाचे व्यापारी पन्नालालशेठ यांनी लिलावात एक जुनी अमेरिकन पिकअप घेतली – ऑटोमॅटिक गिअरची, क्लचच नाही. आख्ख्या तालुक्यात तशी दुसरी नव्हती. महिन्याभरात ती त्रास द्यायला लागली. कामरगावच्या रस्त्याला चढ आला की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी ओढायची नाही.

मी गिअरचं तेल मोजायची पट्टी, डिपस्टिक, काढून पाहिली. तेल खुणेपर्यंत भरलेलं.

ड्रायव्हर नामदेव, रिठदचा, म्हणाला, "मिस्त्री, हे इंजिन चालू ठेवून पाहा लागते. लिलावाच्या दिवशी जुन्या डायवरनं सांगतलं मले."

वीस वर्षं मी तेल इंजिन बंद करूनच पाहत आलो होतो. हा मला शिकवणार? उलट संशयच आला – याला इंजिन चालू कशाला हवंय? मी शेठना सांगून टाकलं, "गाडीत खोट नाही. डायवरच कायतरी करून राह्यला." शेठनी त्याच दिवशी नामदेवला काढलं. त्याच्या घरी दोन लहान लेकरं होती, हे मला माहीत होतं.

आठवड्याने मीच गाडी घेऊन शेठबरोबर निघालो. त्याच चढावर तेच रडगाणं. दिवस कलला होता. शेठ सूर्यास्तानंतर जेवत नसत, म्हणून डबा घेऊन ते पन्नास पावलांवरच्या पुलाच्या कठड्यावर जाऊन बसले. मी इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली, बॉनेट उघडलं. डिपस्टिक काढली – तेल भरलेलं. पुसून परत आत घातली...

आणि इंजिन सुरू झालं.

केबिन रिकामी. मी खिसा चाचपला, चावी तिथेच.

"मिस्त्री, चालू कायले केली? जेवू तं द्या," शेठ तिकडून म्हणाले.

मी पुन्हा डिपस्टिक ओढली. टोकाला जेमतेम ओलावा. इंजिन चालू असताना तेल सगळ्या गिअरपेटीत फिरतं, बंद केलं की खाली उतरतं आणि भरल्यासारखं दिसतं, हे मला तेव्हा कळलं. मी पट्टी परत बसवली आणि इंजिन आपोआप थांबलं.

दोन दिवस मी सगळं वायरिंग उकललं. एक तार उघडी निघाली नाही. नागपूरहून तेल मागवून घातलं, गाडी सुरळीत चढ चढली.

मग रिठदला गेलो. नामदेव दुसऱ्याच्या शेतात निंदत होता. मी सगळी हकिकत सांगितली, शेठ परत बोलावतायत म्हणालो. त्याने हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"येतो कामावर," तो म्हणाला. "पन मिस्त्री, 'चूक झाली' म्हन्यासाठी तुमाले भूत कायले लागते?"

एवढं बोललो, पण 'चुकलो' हा शब्द मी काढलाच नव्हता. मग काढला. फार लाज वाटली.

इंजिन कसं सुरू झालं ते मला आजही सांगता येत नाही. नामदेवने ती गाडी पुढे बरीच वर्षं चालवली, पण माझी ही गोष्ट त्याने कधीच खरी मानली नाही. त्याच्या जागी मी असतो, तर मीही मानली नसती.