हातपाय धुतलेलं पाणी

मला स्वस्थ बसता येत नाही. लग्नाआधी येत नव्हतं, आणि जबलपूरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आल्यावर तर मुळीच येईना. "हिच्या पायाला भिंगरी बांधूनच पाठवलं माहेरच्यांनी," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. सांगताना हसायच्या, म्हणून मी ते मनावर घेत नसे. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागे विटांच्या भिंतीने बंद केलेलं अंगण, एवढंच आमचं जग. यजमान सकाळच्या भोंग्याला जायचे आणि संध्याकाळच्या भोंग्याला सुटायचे. मधला दिवस मला खायला उठायचा. चीनची लढाई होऊन गेली होती, पाकिस्तानशी अजून व्हायची होती. कारखान्यात भरती चालू होती आणि आमच्या ओळीत सारखे नवे संसार उतरत होते. त्या संसारांतल्या बायका दुपारी ओट्यावर बसून स्वेटर विणायच्या. मीही एक विणायला घेतला, पण नजर घड्याळाकडे, त्यामुळे विणण्यापेक्षा उसवणंच जास्त झालं.

घड्याळाकडे नजर असायला कारण होतं. यजमान भराईच्या खात्यात होते. पिवळी बारूद वितळवायची आणि तोफेच्या गोळ्यांत ओतायची, हे त्यांचं काम. त्यांचे तळवे पिवळे, नखं पिवळी, कपाळावरचे केससुद्धा पिवळट तांबूस. उशीच्या अभ्र्यावर डोक्याएवढा डाग पडायचा, तो सोड्याने जाईना की उन्हाने. शेजारी चेष्टा करायचे, "काय हो, लग्नाला दोन वर्षं झाली, अजून हळद उतरली नाही का?" हेही त्यांच्याबरोबर हसायचे. मला हसू येत नसे. त्यांची भूक गेली होती, डोकं दुखायचं, आणि कधीकधी संध्याकाळी ओठ जांभळं खाल्ल्यासारखे दिसायचे. विचारलं की एकच उत्तर, "ओव्हरटाइम आहे ना गं, थकते माणूस." माझा माणूस माझ्या डोळ्यांसमोर थोडा थोडा कमी होतोय आणि आपण नुसतं बघतोय, असं वाटून माझा जीव कासावीस व्हायचा. हाताला काहीतरी काम पाहिजे होतं. मी तळं खणायला घेतलं.

माझं माहेर भंडाऱ्याकडचं. आमच्याकडे गाव म्हटलं की तळं आलंच. तळ्याच्या पाळीवर बसूनच माणसं भांडतात, सोयरिकी जुळवतात आणि उरलेला वेळ पाण्याकडे बघत काढतात. मला वाटलं, मागे पाणी असलं, त्यात मासे फिरत असले, तर हे संध्याकाळी घटकाभर काठाशी बसतील, मन निवेल, दोन घास जास्त जातील. एका रविवारी सकाळी मी कुदळ मारायला सुरुवात केली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काहून गं, कोणाला पुरून राहिली?"

"तळं करून राहिले, आई."

"अच्छा. अन् मग त्यात म्हशी कोणाच्या बसवशील?"

खड्डा बाजेएवढा लांब आणि गुडघ्याच्या वर खोल झाला, तेव्हा खाली मुरूम लागला. मुरमात पाणी ठरत नाही. सिमेंट तेव्हा परमिटशिवाय मिळायचं नाही, आणि माहेरच्या तळ्यांना कुठे सिमेंट होतं? वसाहतीमागच्या शेतातली काळी माती आणली, तिच्यात भाताचं तणस कुस्करून टाकलं, पाणी शिंपलं आणि पायांनी तुडवत बसले. हे आधी खोलीतून गंमत बघत होते. मग पायजमा वर खोचून तेही उतरले. दोघांनी मिळून माती लोण्यासारखी मऊ केली आणि खड्ड्याला आतून थापली. त्या दुपारी त्यांनी स्वतःहून पोळी मागून घेतली. मला वाटलं, जमलं.

आता पाणी. नळ सकाळ-संध्याकाळ तासभर यायचा, तोही करंगळीएवढ्या धारेने. पण आमच्या घरात पाणी फुकट जाण्याची एक जागा होती. सासूबाईंचा नियमच होता, बाहेरून आलेल्या माणसाने मागच्या दाराने यायचं, दाराशी फरशीवर उभं राहून हातपाय, तोंड नीट धुवायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. लाट साहेब आला तरी त्याला सूट नव्हती. यजमान कारखान्यातून आले की त्या स्वतः तांब्या घेऊन उभ्या राहायच्या आणि कोपरापर्यंत धुतल्याशिवाय त्यांना आत घ्यायच्या नाहीत. हे सगळं पाणी गटारात जायचं. मी ठरवलं की ते तळ्यात न्यायचं, पण गाळून. फरशीवर साबणाला बंदी केली आणि घमापुरातल्या भंगारवाल्याकडून एक लोखंडी ड्रम आणवला.

त्या ड्रमने माझा अंत पाहिला. पहिल्यांदा मी वाळू तळाशी टाकली. ती बुडाच्या भोकात जाऊन बसली आणि पाणी थेंबभर खाली उतरेना. मग सगळं उपसून पुन्हा रचलं. तळाशी जाड गिट्टी, तिच्यावर नारळाचा काथ्या, त्यावर पाणी काळं निघायचं थांबेपर्यंत धुतलेला लाकडी कोळसा, आणि सगळ्यात वर नर्मदेची वाळू. फरशीचा उतार ड्रमकडे काढला, ड्रमाच्या बुडातून पाइप तळ्यात सोडला, आणि जास्तीचं पाणी अळूच्या वाफ्यात. खाली पडणारी धार इतकी नितळ निघाली की मी पेल्यात धरून अख्ख्या ओळीला दाखवत फिरले. प्यायला मात्र कोणी तयार होईना.

मासे मझौलीहून आले. माझी नणंद तिथे राहायची. तिने गावच्या तळ्यातली रोहूची बोटबोटभर पिल्लं दुधाच्या कॅनमध्ये घालून दिली आणि यजमानांनी ती बसमधून मांडीवर धरून आणली. वाटेत दोघातिघांनी दुधाचा भाव विचारला म्हणे.

पुढचे काही दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत निवांत. हे संध्याकाळी हातपाय धुऊन काठाशी उकिडवे बसायचे, कणकेच्या गोळ्या टाकायचे, मासे वर येऊन टिपायचे. मग एक मासा मेला. दोन दिवसांनी आणखी एक. मेलेला मासा कडेला आडवा तरंगताना दिसला की मला सकाळचा चहा कडू लागायचा.

मी सगळं खापर ड्रमवर फोडलं. कोळसा बदलला, वाळू उन्हात भाजली, गिट्टी ब्रशने घासली. गाळणी पुन्हा पुन्हा उपसत होते आणि रचत होते. हातांना भेगा पडल्या. सासूबाई कंटाळल्या. "अगं, तो ड्रम हाय का पोटचं पोर? दर दोन दिवसांनी न्हाऊ घालून राहिली." मी त्यांच्यावर खेकसले. यजमानांवरही खेकसले, कारण ते म्हणाले, "जाऊ दे ना, दुसरे आणू." मला दुसरे नको होते. माझी गाळणी चुकते कुठे, ते मला पाहिजे होतं. इकडे त्यांची भूक पुन्हा गेली. ताट तसंच सरकवायचे आणि तळ्याशी जाऊन बसायचे, तेही डोकं हातात धरून.

तेवढ्यात लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले, रेडिओ दिवसभर चालू राहू लागला. विमानं आली तर लपायला प्रत्येक अंगणात खंदक खणायचा हुकूम निघाला. वॉर्डन तपासायला आला आणि आमच्या तळ्यापाशी कपाळाला हात लावून उभा राहिला. "दीदी, हमने खंदक बोला था. आपने तो पानी भर दिया." मी त्याच्यासमोर शेजारीच दुसरा खड्डा खणायला घेतला, तेव्हा कुठे तो गेला. भराईच्या खात्यातल्या लोकांना कारखान्यातच ठेवून घेतलं. पाळीवर पाळी, झोपायला तिथेच. भोंगा व्हायचा आणि हे यायचे नाहीत. घरात मी या दारातून त्या दारात नुसत्या येरझाऱ्या घालत होते.

आणि त्या दिवसांत एकही मासा मेला नाही.

मी रोज सकाळी आधी तळ्याकडे धावायची. पाणी तेच, ड्रम तोच. सासूबाई आणि मी बाजारातून आल्यावर त्याच फरशीवर पाय धूत होतो. मासे मजेत होते, वाढलेसुद्धा. माझी गाळणी एकदाची जमली म्हणून मला इतका आनंद झाला की रेडिओवर काय चाललंय तेही विसरायला व्हायचं. हे आले की त्यांना काठाशी नेऊन दाखवायचं, हाच ध्यास.

आठवड्याभराने हे आले. गाल बसलेले, डोळे तारवटलेले. त्या धांदलीत कारखान्यात अंघोळीलाही वेळ मिळत नव्हता म्हणाले. सासूबाई तांब्यामागून तांब्या ओतत होत्या, हे हात चोळत होते, आणि फरशीवरून ड्रमकडे वाहणारं पाणी हळदीच्या पाण्यासारखं पिवळं होतं. ते मला दिसलं. पण हे घरी आलेत या आनंदात माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

सकाळी तळ्यावर निम्मे मासे पोट वर करून तरंगत होते.

सवयीने मी ड्रम उपसायला वाकले आणि तिथेच खाली बसले. गाळणीत काही चुकत नव्हतं. कोळशाने बिचाऱ्याने जमेल तेवढं अडवलं होतं, म्हणून तर इतके दिवस एकेकच मरत होता. जे मासे मारत होतं, ते माझ्या नवऱ्याच्या अंगावरून येत होतं.

मी आत जाऊन त्यांना झोपेतून उठवलं आणि सांगितलं. त्यांना ते पटेना. "काहीतरीच बोलून राहिली. एवढी माणसं काम करतात." मी हट्टच धरला तेव्हा उठले, दोन बादल्या भरल्या, दोन्हींत एकेक मासा सोडला. एका बादलीत आपले हात मनगटापर्यंत बुडवून खळखळ धुतले. दुसरीला हात लावला नाही. मग पायरीवर बसून राहिले. मीही शेजारी बसले. दुपार व्हायच्या आत पहिल्या बादलीतला मासा कुशीवर कलला. गोल गोल फिरायला लागला, तोंड उघडायला लागला. दुसरा शांत पोहत होता. यजमानांनी आपले हात उलटेपालटे करून पाहिले आणि ते कुठे ठेवावेत हे कळत नसल्यासारखे गुडघ्यांवर उताणे ठेवले.

सासूबाई दारात होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. "एवढे दिवस मी तुझे हात धुऊन घेत आली रे," त्या म्हणाल्या, "पण आत गेलं ते कशानं धुवायचं?" आणि रडायला लागल्या. एकुलता एक मुलगा होता त्यांचा.

मी रडले नाही, भांडले. म्हटलं, आजच्या आज ते खातं सोडा, नाहीतर मी भंडाऱ्याला जाते. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

"लढाई चालू आहे. आज कोणी खातं सोडत नाही, आणि मी सोडणार नाही. अन् सोडलं तरी काय? माझ्या जागी दुसरा उभा राहील. त्याच्या घरी तर तळंही नाही."

"त्याचं त्याची बायको बघून घेईल!" मी ओरडले. अख्ख्या ओळीला ऐकू गेलं असेल.

संध्याकाळी हे पुन्हा गेले. मी ड्रमचा पाइप उपटून टाकला आणि फरशीचं पाणी लांब एका वेगळ्या खड्ड्यात सोडलं. त्यानंतर तळ्यात एकही मासा मेला नाही, पण मला त्याचं काही वाटेनासं झालं. लढाई थांबेपर्यंतचे ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. देवाला काय काय कबूल केलं, ते अजून सगळं फेडून झालेलं नाही.

लढाई थांबली तशी यजमानांनी बदली मागितली. साहेबाने फेऱ्या मारायला लावल्या, टोमणे मारले. शेवटी लाकडी पेट्यांच्या खात्यात टाकलं. दिवाळी झाली. थंडी पडेपर्यंत त्यांच्या नखांच्या मुळाशी गुलाबी रंग दिसायला लागला. एक दिवस ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "वांग्याची भाजी अजून आहे का?" मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबला आणि तेव्हा रडून घेतलं.

त्याच जेवणावर त्यांनी सांगितलं की त्यांच्या जागेवर माणूस आला. वऱ्हाडातला आहे, नवीन लग्न झालंय, आपल्यामागच्या तिसऱ्या ओळीत क्वार्टर मिळालंय. सांगितलं आणि भाजी कालवत बसले.

मला रात्रभर डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा भोंगा व्हायच्या आधी मी बादलीत तळ्यातलं पाणी घेतलं, उरलेल्यांतला एक चांगला वीतभर वाढलेला मासा धरून त्यात सोडला आणि तिसऱ्या ओळीत गेले. दार उघडणारी मुलगी माझ्याहून लहान होती. हातातला हिरवा चुडा अजून नवा होता. तिने बादलीत डोकावून पाहिलं आणि हसली.

"ताई, मासे विकून राहिल्या काय?"

"नाही," मी म्हटलं. "तुझे यजमान घरी आले की त्यांना यात हात धुवायला सांग. आणि मग दोघं इथंच बसून राहा, हा मासा मरेपर्यंत."