जतच्या बालवाडीतला लाडू

आमच्या नलूताईनं पीएच.डी. एका लाडवापायी सोडली.

आज पहाटे ती गेली. सांगलीतच, घरी, झोपेत.

सकाळपासून फोन येतायत. "फार हुशार बाई होत्या हो." होतीच हुशार. पण हट्टी किती होती, ते मी सांगतो.

नव्वदीचं दशक. मी विट्याचा. आमची निम्मी भावकी सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली, आणि मी सांगलीत कॉम्प्युटर क्लास काढून बसलेलो. वडील चारचौघांत माझा विषयच काढायचे नाहीत.

तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायची पद्धत होती. देवघर परवडलं. एके दिवशी एक बाई चपला घालूनच आत आली.

"माझ्या रिसर्चचे आकडे मशीनमध्ये घालून द्याल? पण मला समजावून सांगायचं हं. नुसतं प्रिंटआऊट हातात देऊ नका."

ही नलूताई. मूळची वडूजची. विद्यापीठात फूड सायन्समध्ये पीएच.डी. करत होती. माझ्याहून थोडी मोठी, त्यामुळं आठवड्याभरात मी "रव्या" झालो.

बाजरीला मोड आणून, वाळवून, दळून तिनं लाडू बनवला होता. सोबत गूळ आणि शेंगदाणे. मोड आणले की बाजरीतलं लोह अंगी जास्त लागतं. मग पोरांचं शिकण्यातही लक्ष जास्त लागतं का? एवढंच तिला बघायचं होतं.

जत तालुक्यातली दोन गावं घेतली. एका बालवाडीत रोज लाडू. दुसरीत नंतर द्यायचा.

पोरांना चित्रांचे पत्ते दाखवायचे, पालथे घालायचे आणि विचारायचं, हत्ती कुठं होता? उत्तरं वहीत लिहून माझ्याकडं, मी ती मशीनमध्ये भरायचो.

काही महिन्यांनी मशीननं रिझल्ट दिला. दोन्ही गावांत फरक शून्य.

"रव्या, तुझं मशीन बिघडलंय."

"मशीन ठीक आहे. तुझा लाडू बिघडलाय."

आठवडाभर तिनं सगळे आकडे पुन्हा तपासले. मग म्हणाली, "चल जतला."

गेलो एसटीनं. बालवाडीच्या बाईंनी लाडू वाटले. पोरांनी घेतले, थोडं चाटल्यासारखं केलं. सुट्टी झाल्यावर बघतो तर सगळी पोरं मुठी आवळून घराकडं पळतायत.

नलूताईनं बाईंना विचारलं, "पोरं इथं खात नाहीत?"

"आवं ताई, घरी धाकटं असलं की न्यायाचंच की! एकट्यानं खाऊन घरी कसं जाईल पोर?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"त्यात काय सांगायचं हाय?" बाईंना खरंच कळेना.

नलूताईनं कपाळावर हात मारला. "अरे, शाळेत झेंड्याला मिळालेली साखर मीबी अशीच घरी न्यायची. धाकट्याला. आणि इथं मला सुचलं न्हाई बघ."

गाईडसरांचा तोडगा सोपा होता. "समोर बसवा. गिळल्याशिवाय सोडू नका. पोरांनी समोर खाल्लेलं मोजता येतं, पण घरी काय जातं ते मोजता येत नाही."

चूक नव्हतं त्यांचं. थिसिस तसाच होतो.

पुढच्या खेपेलाही मी होतो. नलूताई पोरांसमोर मांडी घालून बसली. "खावा बघू सगळ्यांनी." पोरांनी खाल्लं. माना खाली घालून.

महादेवी नावाची एक चिमुरडी होती. लाडू तोंडात गेला, पण गाल फुगलेलाच.

"गिळ की गं बाळा."

मान हलवली. न्हाई.

"तोंड उघड."

न्हाई. डोळे भरले तिचे, पण तोंड उघडेना.

शेवटी सोडली. पोर सुसाट. आम्ही मागं गेलो. दारात एक रांगतं पोर होतं. महादेवीनं तोंडातला लाडू हातावर काढला आणि "तम्मा, तम्मा" करत त्याला भरवला. तिकडं कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात.

नलूताई तिथंच रस्त्याकडेला बसली आणि रडली. मी पाण्याची बाटली घेऊन नुसता उभा राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पोराला दोन लाडू. एक इथं खायचा, एक घरी न्यायचा.

सर भडकले. "कुणी किती खाल्लं, आता कसं कळणार? याला संशोधन म्हणत नाहीत, अन्नदान म्हणतात."

"मग अन्नदान म्हणा, सर."

मीही लय भांडलो तिच्याशी. ज्यांच्या घरी धाकटं नाही तेवढ्याच पोरांचे आकडे ठेव म्हटलं. "अशी पोरं हायत किती रं त्या गावात?" म्हणाली. तिच्याकडं उत्तर तयार असायचंच.

मुदत संपली. रजिस्ट्रेशन रद्द झालं. वडूजला वडील महिनाभर बोलले नाहीत. तिनं त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही गावच्या आयांना बाजरीला मोड कसे आणायचे ते शिकवलं, आणि जूनमध्ये सांगलीच्या ज्युनिअर कॉलेजात नोकरी धरली. शेवटपर्यंत तिथंच शिकवलं.

वाईट वाटायचं का? वाटायचं. कुणाची पीएच.डी. झाल्याचे पेढे आले की ती पेढा खायची, अभिनंदन करायची आणि मग जतच्या आकड्यांच्या वह्या काढून चाळत बसायची.

आज दुपारी तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी चौकात फ्लेक्स लावला. हसरा फोटो. खाली मोठ्या अक्षरांत, डॉ. नलिनीताई.

"काका, बरोबर हाय न्हवं सगळं?"

म्हटलं, "डॉक्टर काढा."

"आवं काका, मानानं लिवलंय."

"माहीत आहे. तरी काढा. त्या पदवीसाठी एका पोरीला तोंडातला घास गिळायला लावावं लागलं असतं. तिनं नाही लावलं."

पोरांनी शिडी आणून तेवढ्यावर पांढरा कागद चिकटवला.

आता नुसतं नलिनीताई आहे.

नलूताई, नमस्कार गं. सावकाश जा.