थोरामोठ्यांसाठी ‘मिझरेबल’

इंग्रजीत माझा हात धरणारा अख्ख्या चामराजपेटेत कुणी नाही. कसा असेल, शाळेनंच सातवीत माझा हात सोडला. तरी आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये आम्हा म्हाताऱ्यांचा इंग्रजीचा क्लास भरतो. वह्या कोऱ्या राहिल्या, किस्से मात्र उतू चाललेत.

मध्यंतरी वत्सलाक्कांनी, म्हणजे आमच्या टीचरनी, फळ्यावर ‘अनहॅपी’ लिहिलं. खाली त्याचे भाऊबंद: सॅड, अपसेट, डिप्रेस्ड, मिझरेबल. म्हणाल्या, “दुःख बघून शब्द निवडा.”

आम्ही माणूस बघून निवडला! लहानाला ‘अरे’, थोराला ‘अहो’, तसं शेजाऱ्याला सॅड आणि मानाच्या माणसाला मिझरेबल. ही अक्कल अर्थात माझी.

*

क्लासातल्या शांताक्कांना चेन्नईच्या व्याह्यांकडे लग्नाला जाता आलं नाही. व्याह्यांचा मान मोठा, म्हणून त्यांनी इंग्रजीत कळवलं, “तुमच्या मुलाच्या लग्नामुळे आम्ही सगळे मिझरेबल आहोत.”

व्याह्यांचा घाबराघुबरा फोन, “आमच्या नव्या सुनेत काही खोट दिसली का?”

*

माझा गुडघा धरला होता. डॉक्टरनं विचारलं, काय होतंय? माणूस मोठा, म्हणून मी ‘डिप्रेस्ड’ म्हणालो.

त्यानं गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही. झोप लागते का, घरी कुणी बोलतं का, हेच विचारत बसला. शेजारी आमची ही. बाहेर येऊन म्हणाली, “मग इतकी वर्षं मी काय भिंतीशी बोलले?”

*

माझ्या बाकावरचा दत्तू निपाणीचा. इथं एकटाच राहायचा. मुलगा-सून शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटला, पण सून कोलकात्याची. तिच्याशी बोलायचं कसं, या धास्तीनं हा तिकडे जाईना. क्लासला आला तो त्यासाठीच.

त्याच्याकडे दिवाळी करून दोघं परतली, तेव्हा सुनेला ‘आय ॲम सॅड’ पाठवायला निघाला. मी म्हटलं, “घरची लक्ष्मी ती, तिला सॅड? जरा मानाचा शब्द घाल की.”

यानं मिझरेबल घातला.

सून कॅब करून तासाभरात दारात. याची बॅग तिनंच भरली. तेव्हापासून दत्तू तिकडेच. सकाळी दोघं फिरायला जातात. ती बंगाली वळणाचं इंग्रजी बोलते, हा निपाणी वळणाचं. सगळं कळतं म्हणे.

बाकावर आता मी एकटा. परवा फोन लावला. म्हटलं, “दत्तू, तुझ्यावाचून अख्खा क्लास मिझरेबल झालाय. कधी येतोस?”

तो म्हणाला, “गणप्या, क्लासचं राहू दे. मराठीत सांग, तुला करमत नाही ना?”