घड्याळ घेताना मी गाडीत जाऊन बसले

माझ्या मुलीनं मला फसवलं. माझ्या नवऱ्याला ते ठाऊक होतं आणि ते गप्प बसले, म्हणून त्यांनाही मी त्यातच धरते. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला त्या दोघांची दया येईल आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल. आमच्या घरात तो पडलेलाच आहे.

अमेरिकेत, बॉथेल गावात, माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. एका बाजूला दातांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला पिझ्झा, मध्ये मी. गोऱ्यांच्या पँटी आखूड करते, नवरीमुलींचे गाऊन आत घेते, आपल्या बायकांचे ब्लाउज शिवते. नवऱ्याच्या व्हिसावर आले तेव्हा मला इथं काम करायची परवानगी नव्हती. ग्रीन कार्ड हातात पडलं त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईच्या गराजमधून जुनं मशीन उचललं, तेही तिनं सांगितलेल्या भावाला नाही. दुकान त्या मशीनवर उभं राहिलं. कोणी उभं करून दिलेलं नाही.

अमेरिकेत घासाघीस चालत नाही असं आपले लोक म्हणतात. चालते. लेबलावरची किंमत लिहिणारा माणूसच असतो आणि शेवटचा तुकडा उरला, कोपऱ्याला पोचा आला, मॉडेल जुनं झालं की दुकानातल्या मॅनेजरला किंमत खाली आणायचा अधिकार असतो. त्या अधिकाराची त्याला आठवण करून द्यावी लागते, एवढंच. आमच्या ग्रुपमध्ये कोणाला गाडी घ्यायची असली की मला सोबत नेतात. नवरे मागे उभे राहतात आणि मी बोलते.

माझी एक पद्धत आहे. मी माझा आकडा सांगायचा. समोरचा नाही म्हणाला की हसून 'थँक यू' म्हणायचं, सरळ पार्किंगमध्ये जायचं आणि गाडीत बसायचं. मुलीनं मात्र आतच थांबायचं, त्या वस्तूजवळ, जरा रेंगाळत. आई निघून गेली आणि पोरीचा जीव अडकलाय, हे दिसलं की विकणारा विरघळतो. शाळेत असल्यापासून ती हे करत आलीय. सोफा, गाद्या, दाराला पोचा असलेला फ्रिज, तिचं स्वतःचं कॉलेजचं डेस्क. दहा-पंधरा मिनिटांत ती पळत यायची, काचेवर टकटक करायची. "आई, हो म्हणाले!" मग मी पर्स घेऊन राणीसारखी आत जायचे. आता ती फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः कमावते, पण मी म्हटलं की अजूनही येते. येत होती.

आता घड्याळ. या वर्षी मध्येच कधीतरी छातीत पाखरू फडफडल्यासारखं व्हायला लागलं. कापड कापत असताना व्हायचं आणि थोड्या वेळानं आपोआप थांबायचं. डॉक्टरांनी छातीला यंत्र चिकटवून घरी पाठवलं, तर नेमकं त्या दिवसांत काही झालं नाही. मग त्या म्हणाल्या, ईसीजी काढणारं स्मार्टवॉच घ्या, फडफड सुरू झाली की लगेच नोंद करा, आणि हे लांबणीवर टाकू नका.

मुलगी शेजारीच बसली होती. "आई, मी आत्ताच ऑर्डर करते. फोनवरून. दोन मिनिटं."

"थांब," मी म्हटलं. "घाईत घेतलेली वस्तू महागच पडते."

आणि मी तुलना करायला बसले. चौकोनी घड्याळ सगळ्यांच्या हातात दिसतं, पण रोज चार्ज करायचं, म्हणजे फोनसारखं आणखी एक तान्हं बाळ सांभाळायचं. गोल घड्याळ दिसायला खरोखर घड्याळासारखं, पण माझ्या फोनशी त्याचं जमत नव्हतं. तिसरं पळणाऱ्यांचं, चार्जिंग कितीतरी दिवस टिकणारं, पण त्याची तबकडी माझ्या मनगटाहून रुंद. शिवाय माझं डावं मनगट मोकळं नसतं. तिथं टाचण्या खोचायची गादी बांधलेली असते, खाली चुंबक असलेली. म्हणजे घड्याळ उजव्या हातात, ज्या हातात कात्री. एका दुकानात घालून पाहिलं आणि हवेत कात्री चालवल्यासारखा हात हलवला, तर त्या घड्याळानंच मला विचारलं की तुम्ही व्यायाम करताय का. बांगड्यांचं काय करायचं हा प्रश्न होताच.

नवरा म्हणाला, "अगं, तुला ईसीजीसाठी घ्यायचंय ना? चौकोनी घे. प्रश्न मिटला."

"तुम्ही इंजिनियर लोक प्रश्न मिटवता," मी म्हटलं. "पैसे मी मिटवते."

भाव करायला गेले त्या पहिल्या दुकानात माझी फजिती झाली. सेल्समननं त्याचं स्वतःचं घड्याळ माझ्या हातात घातलं, ठोके कसे दिसतात ते दाखवायला. मी नेहमीच्या थंड चेहऱ्यानं म्हटलं, मला काही हे हवंच आहे असं नाही. तो माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता. मनगटाकडे बघत होता. ठोक्यांचा आकडा चढत होता. मुलीनं तोंडावर हात धरला. मी घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं आणि पार्किंगमध्ये गेले. तिथून कोणी बोलावलं नाही.

दुसऱ्या दुकानातूनही बोलावलं नाही. मी म्हटलं, हरकत नाही, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सेलला बघू. मुलगी चिडली. "आई, दॅट्स मंथ्स अवे! डॉक्टर काय म्हणाल्या?" मी म्हटलं, हृदय माझं आहे. त्यानंतरच्या आठवड्यात दुकानात एका गाऊनची किनार मोजत असताना फडफड आली आणि या खेपेला थांबेना. मी गाऊनसकट जमिनीवर बसले. पिझ्झावाल्याच्या बायकोनं पाणी आणलं आणि माझ्या फोनवरून मुलीला फोन केला. मुलगी मला घेऊन हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये पोचेपर्यंत ठोके पुन्हा नीट झाले होते. ईसीजीत काहीच नाही. परतीच्या वाटेवर मुलगी समोरच्या रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिली. मला वाटलं, दमली असेल.

त्या शनिवारी, मुलीच्या हट्टापायी, तिसरं दुकान. तिथली मॅनेजर माझ्याच वयाची, चष्मा साखळीला लावून गळ्यात सोडलेला. चौकोनी घड्याळ, मागच्या वर्षीचं मॉडेल, कोणीतरी परत केलेलं, खोका उघडलेला. मी आकडा सांगितला. ती हसून म्हणाली, एवढं खाली मला नाही जाता येणार. मी म्हटलं, थँक यू. आणि गाडीत जाऊन बसले.

काचेतून आतलं दिसत नव्हतं. बसून राहिले. मग मुलगी आली. पळत नाही, चालत. काचेवर बोट वाजवलं.

"हो म्हणाली."

"माझ्या आकड्याला?"

"हो आई. तुझ्याच आकड्याला. चल ना आता."

मला तिचा चेहरा आठवतो. तेव्हा मी तो बघितला नव्हता, आत जायची घाई होती.

त्यानंतर मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मी सगळ्यांना सांगितलं. गणपतीच्या आरतीनंतर, हातात प्रसादाची वाटी घेऊन, घड्याळ दाखवत दाखवत सांगितलं. मॅनेजर कशी हसली आणि मी कशी निघून गेले आणि ती कशी वाकली. बायका ऐकत होत्या. मुलगी मोदकांची ताटं उचलत होती. माझा नवरा चपला जुळवत होता. दोघांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

माझी एक मैत्रीण नागपूरची आहे, इथल्या बँकेत वर्षानुवर्षं नोकरी करणारी. ती म्हणाली, "मलाही तसंच घ्यायचं आहे बाई. तू काय जादू करून राहिली ते मला बघायचंच आहे." मी तिला घेऊन त्याच दुकानात गेले. तीच मॅनेजर. तसंच घड्याळ, तसाच उघडा खोका. मी सरळ माझा जुना आकडा टाकला आणि म्हटलं, मागच्या वेळी तुम्ही मला दिलं होतं, आता माझ्या मैत्रिणीला द्या.

मॅनेजरनं मला ओळखलं. चेहरा उजळला तिचा. मग ती जरा गोंधळली, आणि तिला वाटलं असावं की एव्हाना मला कळलं असेल. ती म्हणाली, "अहो, ते मी दिलं नव्हतं. वरचे पैसे तुमच्या मुलीनं भरले. तुम्ही बाहेर होतात तेव्हा. फार गोड मुलगी आहे. मला म्हणाली, आईला तुमच्या तोंडूनच हो ऐकू द्या." वर, "तुमची तब्येत आता बरी आहे ना?" हेही विचारलं. इतकं प्रेमानं विचारलं की मला रागवायलाही जागा राहिली नाही.

मैत्रीण शेजारी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती घड्याळाच्या पट्ट्यांचे रंग बघत होती.

"काय म्हणाली ती?" तिनं विचारलं. "मला हिचा ॲक्सेंटच कळत नाही बाई."

ही बाई रोज दिवसभर इंग्रजीत कर्जं मंजूर करते.

तिनं लेबलावरच्या किमतीला घड्याळ घेतलं. परत येताना तिनं पावसाचं बोलणं काढलं, तिच्या सुनेच्या नोकरीचं, नव्या इंडियन स्टोअरमधल्या शिळ्या मेथीचं. मला घरी सोडताना म्हणाली, "तू आलीस म्हणून निवडता तरी आलं." तिनं थट्टा केली असती तर मला सोपं गेलं असतं. मी गाडीतून उतरले आणि ती दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिले. घरात शिरायचं धैर्य होत नव्हतं.

रविवारी मुलगी जेवायला आली. मी आमटी वाढली आणि म्हटलं, "तू वरचे पैसे भरलेस."

तिनं बापाकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की तेही यात आहेत.

"आई, यू वेअर ऑन द फ्लोअर," ती म्हणाली. "त्या दिवशी. फ्लोअरवर. आणि तू सेलची वाट बघणार होतीस. मी काय करायला हवं होतं?"

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस?"

नसतं घेतलं. ते तिला माहीत होतं, मला माहीत होतं. मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं.

"हे पहिलंच होतं का?" मी विचारलं.

ती आमटीत चमचा फिरवत राहिली. तिचे बाबा उठले आणि चहा टाकतो म्हणाले, जेवण अर्धं असताना.

"अहो, बसा खाली. कोण चहा पितंय आता?" माझा आवाज चढला. "किती वेळा? डेस्क? फ्रिज?"

"लेट इट गो, आई."

"मी भीक मागत होते का कोणाकडे? या घरातली एकेक वस्तू..."

"तू गाडीत जाऊन बसायचीस!" ती ओरडली. ती ओरडत नाही कधी. "तू बाहेर असायचीस, आई. आत मी असायचे. तू गेल्यावर ते लोक तुझ्याबद्दल बोलायचे, माझ्यासमोर. दे थॉट आय वॉज जस्ट अ किड. तू ऐकलं नाहीयेस. मी ऐकलंय."

मग ती रडली नाही, मीही नाही. तिनं ताट धुतलं, माझ्या मनगटावरचं घड्याळ फिरवून पाहिलं की नीट घट्ट बसलंय का, आणि गेली.

तेव्हापासून मी तो सोफा बघते. त्यावर बसते तेव्हा वाटतं की मला कोणीतरी बसू दिलंय. माझ्या मुलीनं कधीतरी मान खाली घालून काउंटरवर खिशातले, बापानं गुपचूप दिलेले पैसे ठेवले असतील, आणि मग काचेवर टकटक करून मला बोलावलं असेल. मी आत गेले असेन पर्स हलवत. दुकानातल्या सगळ्यांना माहीत असेल. मी त्या सगळ्यांना हसून 'हॅव अ गुड डे' म्हटलं असेल. हे मनात आलं की कान गरम होतात आणि दुकानात ग्राहकाला भाव सांगताना माझी जीभ अडखळते. परवा एका बाईनं गाऊनचे पैसे जरा कमी करा म्हटलं आणि मी लगेच केले. मी.

फडफड घड्याळात सापडली. डॉक्टरांनी गोळी सुरू केलीय. मुलीचं बरोबर होतं, हे मी इथं लिहून देते, त्यात मला कमीपणा नाही. पण बरोबर असणं वेगळं आणि मला वर्षानुवर्षं अंधारात ठेवणं वेगळं.

मुलीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तेव्हा हे तिच्या बाबांनी तिला मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे, मधलं काही न गाळता, स्वतःबद्दलचंही न गाळता. वाचून झालं की दोघांनी माझ्यासमोर बसायचं, चहा टाकायला कोणी उठायचं नाही. कोणती वस्तू मी मिळवली आणि कोणती तुम्ही मला मिळू दिलीत, ते सांगायचं. आणि मी गाडीत बसलेली असताना ती माणसं माझ्याबद्दल काय म्हणायची, ते तू मला सांगायचंस, इंग्रजीत म्हणाले असतील तर इंग्रजीत, त्यांच्याच शब्दांत.