गार दगडाचं ऑफिस

बऱ्याच वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी एचएसआर लेआउट या वस्तीतल्या एका ऑफिसच्या दाराशी मी देवळात काढाव्यात तशा चपला काढल्या. आज घरातल्या ओल्या फरशीवर पाय टेकला आणि ती जुनी सकाळ तळव्यांतून वर चढली.

त्या रविवारी ती इमारत लोकांना बघायला खुली होती. सोबत अनघा होती. लग्नाला हो की नाही, हे ती त्याच दिवशी सांगणार होती. म्हणून मी मोठा जाणकार असल्यासारखा सगळ्यांच्या पुढे. आत अंधूक उजेड, मधोमध संथ पाणी, छताच्या जाळीतून झिरपणारं ऊन. माझं बघून मागच्या अख्ख्या रांगेनेही मुकाट चपला-बूट काढले.

"अण्णा, देवस्थान अल्ल, ऑफीसु!" रखवालदार कानडीत ओरडला. देऊळ नव्हे, ऑफिस! सगळे हसले, पण परत फिरून चपला कुणीच घातल्या नाहीत. त्या गार दगडावरून आम्ही झोपेत चालल्यासारखे अनवाणी फिरत राहिलो. तेव्हा शरमेने माझी मान वर झाली नाही. आज वाटतं, ती इमारत खरी पाहिली ती आमच्या तळव्यांनीच.

बाहेर पडताना अनघा म्हणाली, "माझा होकार आहे. पण यापुढे कुठेही गेलो की पुढे मी चालणार. तुझ्या मागे शहाणी माणसंसुद्धा येडी होतात."